जुनी जीप उचलायची? आधी ती किती बसली आहे ते मोजा

जुन्या फोर-बाय-फोरवाल्या वाचकांचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेलाच असतो : "गाडी किती इंच उचलू?" कुणाकडे पाटण खोऱ्यात रोजच्या कामाची एमएम ५४० आहे, कुणाकडे शिराळ्यात वडिलांच्या वेळची मेजर आहे, तर कुणी लष्कराच्या लिलावातली जिप्सी मिरजेत आणून उभी केली आहे. सल्ले मात्र चार दिशांनी येतात. एक मिस्त्री शॅकल लांब करायला सांगतो, दुसरा एक पाटा वाढवू म्हणतो, तिसरा पाटे थेट अ‍ॅक्सलच्या वर घ्यायला निघतो. मित्रांचं म्हणणं असतं, कर बिनधास्त, आरटीओ कुठे बघतंय.

माझं मत आधीच सांगतो. वीस-पंचवीस वर्षं जुन्या बहुतेक गाड्यांना लिफ्टची गरजच नसते. त्यांनी गमावलेली मूळ उंची त्यांना परत मिळाली की काम भागतं. त्यानंतरही उंची अपुरी पडत असेल, तर दीड ते दोन इंच. रस्त्यावर घरच्यांना घेऊन चालणारी गाडी त्यापुढे नेऊ नका.

लिफ्टने नेमकं काय वाढतं?

जिप्सी, एमएम ५४०, मेजर यांना पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत. लिफ्ट म्हणजे अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यामधलं अंतर वाढवणं. त्यामुळे चासी, बंपर, डिझेलची टाकी वर जाते. अ‍ॅक्सल मात्र होता तिथेच राहतो, आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळाही. बामणोलीकडच्या पावसाळी वाटेवर दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला जो घासतो, तो हाच गोळा. गाडी चार इंच उचलली तरी तो तिथेच घासणार.

त्याला वर नेतो फक्त मोठा टायर. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. त्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ च्या आसपास जातो. त्याच्या निम्मं, म्हणजे जेमतेम ३२-३३ मिलिमीटर एवढंच गोळ्याखाली वाढतं. सव्वा इंच! बदल्यात स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो (काटा ६० वर असताना गाडी ६६ च्या आसपास असते), चढाला गिअर जड लागतो आणि ब्रेकवरचा ताण वाढतो.

म्हणून ठरवण्याआधी गाडीखाली आडवे होऊन बघा की घासल्याच्या खुणा कुठे आहेत :

- खुणा डिफरन्शियलवर असतील तर लिफ्टवर पैसे घालू नका. टायर बघा, नाहीतर चाक उंचवट्यावर ठेवून गाडी नेण्याची सवय करा.
- खुणा चासी, टाकी, सायलेन्सर किंवा बंपरच्या कडेला असतील तर लिफ्टचा उपयोग होईल. जत-आटपाडीकडचे ओढे उतरताना नाक किंवा शेपूट टेकणाऱ्या गाड्या या गटातल्या.
- खुणा मडगार्डच्या आत असतील तर टायर घासतोय. बहुतेक वेळा पाटे बसल्याची ही निशाणी.

मोजमाप : टेप, खडू आणि सपाट जागा

हे काम मिस्त्रीवर सोडू नका, स्वतः करा. पेट्रोल पंपाची फरशी किंवा पक्कं अंगण चालेल. चारही टायरांत सारखी हवा, टाकी निम्मी, गाडीत माणूस किंवा सामान नाही. बंपर हाताने दाबून गाडी दोन-तीनदा हलवा म्हणजे अडकलेले पाटे मोकळे होतील. मग प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि आकडा तिथेच खडूने लिहा.

डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसलेत किंवा चासी वाकली आहे. दोन्ही बाजूंचे पाटे सारख्या रचनेचे असतील तर त्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. कल पाट्यांबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यांचा, जागेवरच राहिला तर चासीचा. चासी वाकलेली असेल तर लिफ्टचा विचार इथेच थांबवा.

आता पाटे जवळून बघा. मुख्य पाट्याची कमान सरळ झाली आहे का, एखादा पाटा उलटा वाकला आहे का, क्लिपा तुटल्या आहेत का, मधला सेंटर बोल्ट शाबूत आहे का. पाटे मोजाही. ज्या जीपने आयुष्याची काही वर्षं वडापला काढली आहेत, तिच्यात मागे जादा पाटा घातलेला असू शकतो. ती रिकामी असताना मागून उंच दिसते आणि खड्ड्यात आपटते. तिला आणखी उचलायची नाही, तो पाटा काढायचा.

गाडी महापुरात बुडालेली असेल, २०१९ किंवा २०२१ च्या, तर आणखी तीन गोष्टी बघा : डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालं आहे का, हबच्या बेअरिंगमधल्या ग्रीसला गंज आहे का, आणि पाट्यांचे हँगर चासीला जिथे जोडले आहेत तिथे हातोडी हलकी मारल्यावर आवाज खणखणीत येतो की बद्द. बद्द आवाज म्हणजे आतून पत्रा खाल्लेला. तिथे लिफ्टचा जोर आला की हँगर फाटतो.

उंची वाढवण्याचे मार्ग

१. मूळ मापाचे नवे पाटे. पहिली निवड हीच. नवे पाटे, नवी बुशं, नव्या शॅकल पिना आणि नवे यू-बोल्ट. एवढ्यावरच बसलेली गाडी दीड-दोन इंच वर येते, आणि ही दुरुस्ती असल्याने कायद्याची भानगड नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी इथेच थांबावं.

२. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान भरणं. कऱ्हाड, मिरज, सांगलीत ट्रकच्या पाट्यांची कामं करणारी दुकानं आहेत, तिथे हे स्वस्तात होतं. पण कसं करतात ते उभं राहून बघा. काही ठिकाणी पाटा थंडच ठेवून हातोड्याने ठोकत कमान आणतात. असा पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो, पण निदान अचानक मोडत नाही. धोका आहे तो नुसता लाल करून वाकवण्यात. पाटा भट्टीत तापवला, वाकवला आणि तसाच बाजूला टाकला, तर पोलादाचा टेम्पर गेला. तो मऊ राहून बसतो. उलट घाईने पाण्यात विझवला तर ठिसूळ होऊन घाटातच तुटतो. नीट काम म्हणजे ठरावीक तापमानाला तापवणं, तेलात विझवणं आणि पुन्हा कमी तापमानाला टेम्पर देणं. यातली शेवटची पायरी होते का, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पाटे परत घ्या.

३. एक पाटा वाढवणं. इंचभर उंची मिळते, भारही पेलतो. ज्यांच्या गाडीत रोज खताची पोती किंवा दुधाचे कॅन असतात त्यांना मागे हे चालेल. रिकाम्या गाडीला मात्र हादरे वाढतात आणि खडबडीत वळणावर मागचं चाक उडतं.

४. लांब शॅकल. सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात लोकप्रिय. शॅकल जितका वाढवाल त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते, म्हणजे एक इंचासाठी शॅकल दोन इंच लांब. पाट्याचं एकच टोक खाली गेल्याने अ‍ॅक्सल थोडा फिरतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा तो कोन बिघडला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, महामार्गावर गाडी भरकटते. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून कोन परत आणता येतो, पण ती पाचर पक्क्या धातूची आणि नेमक्या अंशाची हवी. वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने कापलेल्या पट्टीचे लांब शॅकल लावू नका. दोन पट्ट्यांना मधून जोड नसेल तर वळणावर ते तिरके होतात.

५. ठोकळा. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणं. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तरच याने गाडी उचलते. जिप्सी आणि जुन्या जीपचे मूळ पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत, तिथे ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येईल. पुढच्या अ‍ॅक्सलला ठोकळा कुठल्याही गाडीत नको, आणि ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको.

६. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेणं. जिप्सीला यात एकदम पाचेक इंच मिळतात, फोटोतल्या गाड्या उंच दिसतात त्या बहुधा यामुळेच. पण त्यासाठी अ‍ॅक्सलवर नवी बैठक वेल्ड करावी लागते, स्टिअरिंगची मांडणी, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक होज सगळं बदलावं लागतं. ब्रेक मारला की अ‍ॅक्सल पिळवटून पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. बंदिस्त जागेतल्या स्पर्धेच्या गाडीसाठी ठीक. पसरणी किंवा कुंभार्ली घाट चढ-उतार करणाऱ्या गाडीसाठी नको.

७. फक्त बॉडी उचलणं. चासी आणि बॉडीमधल्या रबरांखाली जाड पॅकिंग. मोठ्या टायरला जागा मिळते, चासी होती तिथेच राहते. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, टाकीचा नळ आणि रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर तपासल्याशिवाय करू नका.

२०१० नंतरच्या थार सीआरडीईवाल्यांसाठी वेगळा इशारा. तिच्या पुढच्या चाकांना पाटे नाहीत, टॉर्शन बार आहे. तो पिळून नाक वर आणता येतं, खर्च जवळपास शून्य, म्हणून मिस्त्री लगेच तयार होतात. पण चाकाला खाली झुकायला जागाच उरत नाही, आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके चालून त्यांची रबरं फाटतात. बसलेलं नाक मूळ उंचीवर आणण्यापुरताच पीळ द्या.

उंचीबरोबर काय बदलावं लागेल

लिफ्ट फसते ती याच टप्प्यावर. किटच्या डब्यात पाटे आणि शॅकल असतात. खालचं सगळं तुम्हाला आठवणीने मागावं लागतं.

- शॉकअप : मूळ लांबीचा शॉकअप उचललेल्या गाडीत पूर्ण ताणला जातो आणि चाक लोंबकळताना सगळं वजन त्याच्यावर येतं. एक चाक उंच ठोकळ्यावर चढवा म्हणजे त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं चाक लोंबेल. दोन्ही ठिकाणी शॉकअपच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. नवा शॉकअप त्या लांब अंतरापेक्षा लांब उघडणारा आणि त्या आखूड अंतरापेक्षा आखूड मिटणारा हवा.
- ब्रेक होज : अ‍ॅक्सल लोंबत असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा. होज जरा जरी ताणला तरी लांब होज घ्या. इथे काटकसर नाही.
- प्रॉपेलर शाफ्ट : आखूड जीपचा मागचा शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे दोन इंचांतही त्याचा कोन झपाट्याने वाढतो. ४० ते ६० च्या वेगात पायाखाली घरघर जाणवली तर क्रॉस बदलून थांबू नका, आधी कोन दुरुस्त करा. नाहीतर क्रॉस पुन्हा जाईल.
- स्टिअरिंग : ड्रॅग लिंक तिरकी झाली की खड्ड्यात चाक वर आल्याबरोबर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. योग्य मापाचा ड्रॉप आर्म मिळतो. स्टिअरिंगचा कुठलाही भाग तापवून वाकवू देऊ नका, वेल्ड करू देऊ नका. किंगपिन आणि टाय रॉडच्या टोकांतली ढिलाई लिफ्टच्या आधी काढा. ढिल्या गाडीचं स्टिअरिंग उचलल्यावर थडथडतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही.
- मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह : काही गाड्यांत मागच्या उंचीवरून ब्रेकचा दाब ठरतो. गाडी उचलली की त्याला मागे भार नाही असं वाटतं आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी नव्याने बसवून घ्या.
- हेडलाइट : नाक वर गेलं की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दहा मिनिटांचं काम आहे, त्याच दिवशी करा.

पाण्यातून जाण्यासाठी उंची हवी असं कोणी म्हणत असेल तर त्याआधी अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच बांधा. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. नळीने हा त्रास थोडक्या पैशांत टळतो. वाहत्या पुरात मात्र कितीही उंच गाडी घालू नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ सांगतं, की परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे विसरू नका. लिफ्ट, टायर, बंपर असे तीन बदल वेगवेगळे मोजले जाऊ शकतात.

कायद्यात बदलाची व्याख्या गाडीच्या रचनेत मूलभूत फरक पाडणारा बदल अशी आहे. मूळ मापाचे पाटे बसवणं त्यात येत नाही. पाटे अ‍ॅक्सलवर घेणं उघडपणे येतं. मधल्या इंच-दोन इंचांबाबत समोरच्या मोटार वाहन निरीक्षकाचं मत चालतं. म्हणून काम करण्याआधी आपल्या कार्यालयात (सातारा एमएच ११, सांगली एमएच १०, कराड एमएच ५०) किटचा तपशील जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खासगी गाडीची पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्या तपासणीत गाडी निरीक्षकासमोर उभी राहतेच. "कोणी बघत नाही" हा सल्ला तिथे कामाला येत नाही.

कौतुक आणि कायदा वेगळे चालतात, याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली आणि २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर थांबवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. जीपच्या बदल्यात लोहारांना जानेवारी २०२२ मध्ये नवी बोलेरो मिळाली.

विमा

बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद मागा. न कळवलेला बदल अपघाताचं कारण ठरला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते.

गॅरेजमध्ये आणि त्यानंतर

- यू-बोल्ट नेहमी नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.
- रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं.
- पहिल्या शंभर किलोमीटरला सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा, मग पाचशेला.
- पहिली फेरी रिकाम्या गाडीने आणि दिवसा करा. ओळखीचं वळणही पूर्वीच्या वेगाने घेऊ नका. मागच्या आडव्या बाकांवर माणसं बसली की उचललेली गाडी आणखी डोलते, म्हणून भरलेली गाडी घाटात नेण्याआधी मैदानात चालवून बघा.

तुमचे हक्क

- गॅरेजकडून भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारं लेखी अंदाजपत्रक आणि पक्कं बिल मागा. काढलेले जुने भाग तुमचे आहेत. मूळ पाटे विकू नका, पूर्ववत करायची वेळ आली तर तेच लागतील.
- काम सदोष निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. किट दिल्लीहून किंवा कोइमतूरहून मागवलं असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा.
- नोंदणी निलंबित करायची असेल तर कलम ५३ नुसार आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.
- विम्याचा दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं.

या सगळ्यासाठी आरटीओच्या अर्जाची पोच, विमा कंपनीला दिलेलं पत्र, बिलं आणि कामाआधी चारही चाकांपाशी खडूने लिहिलेल्या आकड्यांचे फोटो लागतील. ते एका फायलीत ठेवा, आणि त्या फायलीची एक प्रत गाडीत राहू द्या.